गनमनच्या नोकरीवर रुजू होण्याआधी

पेन्शन घेऊन गावी आलेल्या जवानाचा दोन-तीन महिन्यांत फोन येतो आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "साहेब, बारा बोअर आहे, परवाना आहे, एजन्सीवाल्यानं बँकेच्या दारात उभं राहायला सांगितलंय. बंदूक खांद्याला लावून उघड उभं राहिलं तर चालतंय ना?" आजूबाजूला सगळेच तसे उभे दिसतात, त्यामुळे "चालतंय की" म्हणणारे खूप भेटतात. मी मात्र आधी परवान्याचं पुस्तक उघडून समोर ठेवायला सांगतो. तुम्हीही पुस्तक हातात घेऊनच पुढचं वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. सुरक्षा रक्षकाची वर्दी अंगावर चढली म्हणून बंदूक बाळगायचा कसलाही जादा अधिकार मिळत नाही. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात एजन्सीचा परवाना, रक्षकाचं वय, प्रशिक्षण, ओळखपत्र हे सगळं आहे, पण रक्षकाला शस्त्र बाळगण्याची वेगळी मुभा कुठेही नाही. शस्त्राच्या बाबतीत आपण १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतो. रानडुकरांपासून पीक राखायला बंदूक ठेवणारा शेतकरी ज्या कायद्याखाली येतो, त्याच कायद्याखाली. फौजेत हत्यार सरकारचं होतं आणि त्याची जबाबदारी कोतापासून, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारापासून, वरपर्यंत वाटलेली होती. इथे पुस्तकावर फोटो तुमचा आहे, म्हणजे जबाबदारीही एकट्या तुमचीच.

आता पुस्तक वाचा, आणि घाईनं नको. नाव, पत्ता, युनिक ओळख क्रमांक आणि मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आहे, आधी तो तीन वर्षांचा असायचा. त्यामुळे जुनं पुस्तक असेल तर तारीख डोळ्यांनी बघा, अंदाजावर राहू नका. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने तरी आधी टाका. बंदुकीवर कोरलेला नंबर पुस्तकातल्या नंबराशी एकेक अंक लावून बघा. काडतुसं किती ठेवायची परवानगी आहे ते बघा आणि कपाटातली मोजा.

मग क्षेत्राचा रकाना. हा रकाना न वाचता नोकरी धरणारे मी इतके बघितलेत की आता फोनवर पहिला प्रश्न मीच विचारतो. परवाना साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला, क्षेत्र फक्त सातारा जिल्हा, आणि नोकरी पुण्यात! शिरवळचा पूल ओलांडला की ती बंदूक बिनपरवान्याची धरली जाऊ शकते. क्षेत्र वाढवून घ्यायचं तर ज्यांनी परवाना दिला त्यांच्याकडे अर्ज करावा लागतो. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात. तिकडे राहायला जात असाल तर पत्ता बदलल्याचं दोन्हीकडे लेखी कळवा आणि पोच घ्या. एजन्सीवाला म्हणेल, "ते आम्ही बघतो." तुम्ही स्वतः बघा.

त्याखाली परवाना कशासाठी दिला ते लिहिलेलं असतं. आपल्यातल्या बहुतेकांच्या पुस्तकात "स्वसंरक्षण" असतं. स्वसंरक्षण म्हणजे स्वतःचं रक्षण. पगार घेऊन दुसऱ्याची तिजोरी राखणं त्या शब्दात बसत नाही, आणि काही घडलं तर समोरचा वकील पहिलं बोट त्याच शब्दावर ठेवतो. म्हणून रुजू होण्याआधी परवाना प्राधिकाऱ्याकडे साधा अर्ज करा: अमुक संस्थेत, अमुक पत्त्यावर सशस्त्र रक्षकाचं काम करायचं आहे, त्याची परवानगी किंवा नोंद मिळावी. बंदूक संस्थेची असेल तर प्रश्न वेगळा. मग परवाना संस्थेचा, आणि ती वापरणारा म्हणून तुमचं नाव रिटेनरच्या रकान्यात चढलेलं हवं. नाव चढायच्या आधी त्या बंदुकीला हात लावू नका, मॅनेजर कितीही घाई करो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शस्त्र नियम, २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी बंदूक नेताना ती तिच्यासाठी बनवलेल्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे. रिव्हॉल्वर असेल तर होल्स्टरमध्ये, तेही झाकलेलं. लोकांसमोर बंदूक परजली किंवा उगाच बार काढला तर परवाना जाऊ शकतो. म्हणजे घरातून ड्युटीच्या जागेपर्यंत, एसटीत, लोकलमध्ये, मोटरसायकलवर बंदूक रिकामी, कव्हरमध्ये आणि काडतुसं वेगळ्या पिशवीत. चहाच्या टपरीवरही कव्हर उघडायचं नाही. कुणी कौतुकानं "बघू तरी" म्हटलं तरी नाही.

ड्युटीच्या जागेवर काय? संस्थेचं आवार ही खासगी जागा असली तरी जिथे ग्राहकांची दिवसभर ये-जा असते तो हॉलही सार्वजनिक जागा धरला जाऊ शकतो. म्हणूनच वर सांगितलेल्या अर्जात ड्युटीची नेमकी जागा लिहायची आणि ड्युटीवर बंदूक हातात धरण्याबद्दल स्पष्ट लेखी मागायचं. ते मिळालं तरी माझा सल्ला ठाम आहे: शटरच्या आत उभे राहा. दारासमोरचा फुटपाथ रस्त्यात मोडतो, तिथे बंदूक घेऊन उभं राहणं म्हणजे रस्त्यावर उघडं हत्यार. नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. हे शिकवायची तुम्हाला गरज नाही, पण शहरातल्या बँकेत शाळेची पोरंसुद्धा खातं उघडायला येतात, हे लक्षात असू द्या.

काही जागांचं तर परवान्याच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा, शाळा-कॉलेजचं आवार इथे खास परवानगीशिवाय बंदूक न्यायची नाही. मालक म्हणेल, "आज गणपतीची मिरवणूक आहे, गाडीपुढे चाला." नाही चालायचं. लग्नात हवेत बार काढायला सांगणारेही भेटतात. २०१९ पासून त्यासाठी वेगळं कलम आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुंबईसारख्या शहरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली अधूनमधून शस्त्रबंदीचे आदेश निघतात. त्यात खासगी रक्षक, गुरखा, चौकीदार यांना सूट असते ती साडेतीन फुटांपर्यंतच्या लाठीची. बंदूक त्या सुटीत आली असं परस्पर धरून चालू नका. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यातून घेऊन वाचा. निवडणूक लागली की शस्त्रं जमा करायची नोटीस येते. बँकेच्या रक्षकांना सूट मिळू शकते, पण ती मागावी लागते. म्हणून संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र आचारसंहिता लागायच्या आधीच तयार ठेवा.

यानंतरच्या मुद्द्यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात, म्हणून तो सविस्तर सांगतो. निवृत्तीनंतरच्या माझ्या पहिल्याच नोकरीत, एका पतसंस्थेत, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅनेजर म्हणाले, "हवालदार, बंदूक इथंच ठेवून जा. रात्रीच्या वॉचमनला तेवढीच सोबत." माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी नाही म्हणालो. महिना भरल्यावर मला बदलून दुसरा माणूस आणला. मला त्याचं दुःख आहे, कारण पोराची फी त्या पगारावर होती. पण कायदा काय म्हणतो ते बघा. परवाना नसलेल्या वॉचमनच्या ताब्यात बंदूक सापडली तर त्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. ज्यानं ती त्याच्या हाती दिली, म्हणजे मी, त्याला तीन वर्षांपर्यंत. परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारानं दुसऱ्यानं बंदूक न्यायची सूट आहे, पण ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. दुसऱ्यानं तिच्यावर ड्युटी करण्यासाठी नाही. म्हणून शिफ्ट संपली की बंदूक तुमच्याबरोबर घरी. जेवायला जाताना, लघवीला जाताना दोन मिनिटं कुणाच्या हाती देणं, काउंटरला टेकवून ठेवणं, हे एकदाही करू नका. अशा वेळेसाठी रुजू होतानाच मॅनेजरकडून एक भिंतीत बसवलेली कुलुपाची पेटी आणि तिची एकमेव किल्ली मागून घ्या.

एजन्सीकडे जाल तेव्हा तिचा परवाना भिंतीवर लावलेला आहे का ते बघा. दिसेल अशा जागी लावणं कायद्यानं सक्तीचं आहे, आणि परवान्याशिवाय एजन्सी चालवणाऱ्याला वर्षभराची कैद होऊ शकते. रक्षकाचं वय १८ ते ६५ चालतं, पण बंदुकीच्या परवान्याला २१ पूर्ण लागतात. त्यामुळे पोराला बरोबर नोकरीला लावताना त्याच्या हाती बंदूक देऊ नका. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे नव्या रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानात प्रशिक्षण असतं. माजी सैनिकाला ते ४० आणि १६ तासांवर येतं. त्या अभ्यासक्रमात बंदूक हाताळणं हा विषय ऐच्छिक आहे. त्यामुळे शेजारच्या शिफ्टचा गनमन फौजेतला नसेल तर त्यानं कधी बार काढलाय का, हे आधी विचारून घ्या. एजन्सीनं "परवाना आम्हीच काढून देतो" म्हटलं तर तिथून उठा. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या २ लाख ७८ हजारांहून जास्त परवान्यांच्या घोटाळ्याचा तपास सीबीआयकडे गेला. असा कागद हाती घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या गरीब रक्षकालाच पोलीस पहिल्यांदा धरतात.

वर्दीचं थोडक्यात: फौजेचा किंवा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा भासणारा, अजिबात नाही. रक्षक आणि एजन्सीचा मालक दोघांनाही वर्षभराची कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मेडल, रिबन पेटीत ठेवा. ओळखपत्र मात्र फोटोसह, छातीवर.

हत्याराची तयारी. फुलथ्रू (नळी साफ करायची दोरी), चिंधी, तेल घरून न्या. दुनळी असेल तर दोन्ही नळ्या उजेडात धरून बघा, घोडे आणि सेफ्टी तपासा. काडतुसं खडकीची असोत नाहीतर दुसरीकडची, जुनी आणि ओल लागलेली बाजूला काढा आणि परवानाधारक दुकानदाराकडूनच नवी घ्या, पावती जपा. फौजेत जे हाताळलं ते इथे विसरा. ९ एमएम, ७.६२, .३०३ हे सगळे प्रतिबंधित बोअर आहेत, म्हणजे या मापाच्या हत्याराचा साधा परवाना मिळत नाही. बंदूक तुमची असेल तर तेल, काडतूस, नूतनीकरणाची फी कोण देणार आणि बंदुकीचा भत्ता किती, हे नेमणूक पत्रात लिहून घ्या. स्वतःची चाळीस-पन्नास हजारांची वस्तू घेऊन येणाऱ्या माणसाला लाठीवाल्याइतकाच पगार देतात, हा अन्याय आहे आणि तो लेखी मागितल्याशिवाय थांबत नाही.

कॅश व्हॅनची नोकरी असेल तर २०१८ चे वेगळे नियम आहेत. गाडीत किमान दोन सशस्त्र रक्षक, एका फेरीत पाच कोटींपेक्षा जास्त रक्कम नाही, शहरात रात्री नऊनंतर आणि खेड्यात संध्याकाळी सहानंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत. तुम्हाला एकट्यालाच पाठवत असतील तर गाडीत बसू नका.

बार कधी काढायचा, हे ड्युटीच्या पहिल्या दिवसाआधी घरी शांत बसून ठरवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३४ ते ४४ कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे, आणि तो कुठल्याही नागरिकाला आहे तेवढाच तुम्हाला. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती हवी, आणि धोक्याला पुरेल तेवढंच बळ. सशस्त्र दरोडा अंगावर आला तर कायदा तुमच्या बाजूनं उभा राहतो. पैसे घेऊन पाठ फिरवून पळणाऱ्यावर मागून गोळी झाडली तर उत्तर देताना तुम्ही एकटे असता. सीमेवर शिकलेलं इथे लागू नाही. अलार्म, शटर, ११२ वर फोन, आणि मग बंदूक, या क्रमाची मॅनेजर आणि कॅशियरबरोबर एकदा प्रत्यक्ष रंगीत तालीम करा.

ड्युटीवर कुठलाही पोलीस अंमलदार परवाना मागू शकतो. दाखवला नाही तर तो शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. म्हणून मूळ पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावरच ठेवा, झेरॉक्स घरच्या कपाटात आणि बायकोला माहीत असलेल्या जागी. पुस्तकाबरोबर नेमणूक पत्र, परवाना प्राधिकाऱ्याकडे दिलेल्या अर्जाची पोच, एजन्सीचं ओळखपत्र आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर. नोकरी सुटली की त्याच आठवड्यात नोंद काढायचा अर्ज द्या, आणि संस्थेच्या पेटीत तुमचं एकही काडतूस मागे राहिलेलं नाही, हे मॅनेजरसमोर मोजून त्याची सही घ्या.