आधी अख्ख्या सिस्टिमचं वागणं लिहा, मग मॉड्यूल ठरवा

तिकीट विकणारं सॉफ्टवेअर घ्या. बुकिंग, पेमेंट, मेसेज... प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र भागाच्या, टेस्ट पास, तरी ग्राहकाचे पैसे कापले जातात आणि तिकीट निघत नाही. अशी चूक बहुतेक वेळा दोन मॉड्यूलच्या मधे असते, आणि त्या मधल्या जागेचं स्पेसिफिकेशन, म्हणजे तिथे नेमकं काय व्हायला हवं ते, कुणीच लिहिलेलं नसतं.

डिझाइनला बसण्याआधी एक कोरं पान घ्या.

१. सिस्टिम कोणकोणत्या अवस्थांत असू शकते ते लिहा: सीट मोकळी, सीट राखून ठेवलेली, पैसे आले, तिकीट दिलं, पैसे परत केले.

२. काय कधीच होता कामा नये? एक सीट दोघांना नाही. एका तिकिटाचे पैसे दोनदा नाहीत.

३. काय शेवटी झालंच पाहिजे? पैसे कापले, की तिकीट किंवा परतावा यांपैकी एक. नेमकी हीच वाक्यं लिहायची राहतात.

४. आता प्रत्येक टप्प्यावर विचारा: उत्तरच आलं नाही तर? तीच विनंती दोनदा आली तर? सीट सोडून दिल्यावर पैसे आल्याचं कळलं तर? टाइमआउट (ठरलेल्या वेळेत उत्तर न येणं) म्हणजे नकार नव्हे, पैसे गेलेलेही असू शकतात. म्हणून 'पेमेंटचं नक्की नाही' ही अवस्थाही पहिल्या यादीत हवीच.

५. मगच प्रत्येक वाक्य कोणतं मॉड्यूल सांभाळणार ते ठरवा.

गुंतागुंत फार वाढली तर हेच पान टीएलए प्लस (TLA+) या स्पेसिफिकेशन लिहिण्याच्या भाषेत लिहून मॉडेल चेकरकडून, म्हणजे शक्य त्या सगळ्या अवस्था पडताळणाऱ्या प्रोग्रामकडून, तपासता येतं. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसमध्ये २०११पासून टीएलए प्लस वापरलं गेलं आहे.

फक्त या पानावर डेटाबेस, क्यू, एपीआय अशा तांत्रिक घटकांची नावं येऊ देऊ नका. ती आली की चर्चा वागण्यावरून रचनेकडे वळते आणि तिसरा मुद्दा अर्धवट सुटतो.