घरबसल्या लायमन अल्फा जंगल कसं वाचायचं

आमच्या सोलापुरातली कॉलेजची पोरं सारखी विचारतात, मॅडम, क्वेसार बघायला दुर्बीण केवढ्याची लागेल? काही लागत नाही ओ, क्वेसार म्हणजे फार दूरच्या गॅलेक्सीचा झगझगीत गाभा, आणि स्लोन सर्व्हे या आकाश-पाहणीतले त्यांचे स्पेक्ट्रम (कुठल्या तरंगलांबीला किती उजेड आला त्याची नोंद) नेटवर फुकट आहेत, रेडशिफ्ट (विश्व पसरल्यानं प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप, जितकं जास्त तितका जुना प्रकाश) ३ च्या आसपासचा एक क्वेसार निवडा, त्याचा डेटा उतरवून घ्या आणि एक्सेलमध्ये तरंगलांबी आडवी घेऊन ग्राफ काढा.

आता डावीकडचं उंच शिखर शोधा. हायड्रोजनची लायमन अल्फा रेषा मुळात १२१६ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) ची, रेडशिफ्ट ३ म्हणजे १ अधिक ३, गुणिले ४, ४८६४ ला दिसणार. शिखराच्या उजवीकडं रेघ बऱ्यापैकी सरळ, पण डावीकडं बघा, नुसते करवतीचे दात, हेच लायमन अल्फा जंगल. वाटेतल्या गॅसमधल्या न्यूट्रल (इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्या) हायड्रोजननं तिथंतिथं प्रकाश खाल्लाय, आणि विश्व पसरत असल्यानं प्रत्येक ढगाची खूण वेगळ्या जागी उमटलीय. एखादी खाच ४४६० ला असेल तर १२१६ नं भागा, १ वजा करा, २.६७, हा त्या ढगाचा रेडशिफ्ट.

किती उजेड पार झाला ते मोजायला ४२०० ते ४७०० एवढाच पट्टा घ्या. शिखराला चिकटून नको, तिथला गॅस क्वेसारनं स्वतःच आयनाइज केलेला (इलेक्ट्रॉन उडवलेला) असतो. मूळ उजेडाची रेघ उजवीकडून लांबवत आणा. मी आधी दातांची टोकंच जोडायचे आणि शोषण कमी यायचं, कारण टोकंही थोडी खाल्लेली असतात.

असे बरेच क्वेसार घेतले की रेडशिफ्ट २ ला सुमारे ८५ टक्के उजेड पार होतो, ३ ला ७०, ४ ला ४०. जणू जितकं मागं जावं तितकी चादरीची वीण घट्ट. पण इथं जपून, काळं दिसलं म्हणजे तिथं गॅसचा ढीग आहे असं नाही! बहुतेक हायड्रोजन आयनाइज झालेलाच असतो, क्वेसार आणि गॅलेक्सींच्या अल्ट्राव्हायोलेट प्रकाशानं, आणि विश्व पसरून गॅस विरळ होत गेला तसा उरलेला न्यूट्रल भागही घटला. हे रेडिएशन रेडशिफ्ट २ च्या सुमारास जोरात होतं, पुढं क्वेसार विझत गेले आणि आजवर ते दहापटीहून जास्त उतरलं.

शेवटी ६.२८ रेडशिफ्टचा क्वेसार बघा, २००१ मध्ये गाजलेला. शिखराच्या थोडं डावीकडं दातच नाहीत, सपाट शून्य. गन आणि पीटरसन या खगोलशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये सांगितलेलं शोषण ते हेच, आणि एवढ्यासाठी दहा हजारात एक अणू न्यूट्रल असला तरी पुरतो.