ग्रुपवर नुसता अंगठा नको, प्रश्नाला नाव जोडा

बेळगावातलं उद्यमबाग असो की मच्छे, फाउंड्रीतल्या (वाळूच्या साच्यात धातू ओतणाऱ्या कारखान्यातल्या) शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप बघा. सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांना चाळीस अंगठे पडतात. पण 'कास्टिंगला ब्लोहोल येतायत, काय करायचं?' (म्हणजे ओतलेल्या भागात हवेची भोकं पडतायत) असं विचारलं की सगळे चिडीचूप. यात माणसांचा दोष नाही. ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून बोलतात आणि १ टक्काच सतत लिहितो, असा ढोबळ नियम वेबसाइट वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडला होता. सगळ्यांना उद्देशून विचारलेलं कुणालाच लागू होत नाही, हे घरातल्या 'कुणीतरी दार उघडा'सारखंच आहे.

म्हणून एकाचं नाव टॅग करा: 'मामा, काल वाळूत ओल जास्त होती का?' सोबत फोटो टाका. उत्तर व्हॉइस नोटमध्येच मागा. आपल्याकडे मराठी-कन्नड दोन्ही फाडफाड बोलणारे पुष्कळ, पण टाईप करायचं म्हटलं की हात आखडतो. जुन्या माणसाचं ज्ञान त्याच्या बोलण्यातच असतं.

मात्र व्हॉइस नोट शोधता येत नाही. म्हणून तिच्याखाली कुणीतरी दोन ओळी लिहायच्या: तक्रार, कारण, उपाय. हा मेसेज पिन करा, म्हणजे तो ग्रुपमध्ये सगळ्यांना वर दिसतो. पिन तीनच राहतात, तेही जास्तीत जास्त ३० दिवस. त्यामुळे महिनाअखेरीस त्या एका वहीत उतरवा. पिनऐवजी स्टार करून भागत नाही; स्टार केलेला मेसेज फक्त तुमच्याच यादीत दिसतो, इतरांच्या नाही.

आणि फुलांसाठी वेगळा ग्रुप काढा. बंदी घातलीत तर रुसवे निघतील.