एक गूस, दोन गीस. मग दोन मुंगसं? इंग्रजीतली आडमुठी अनेकवचनं कशी शिकवावीत

सांगलीत घरी शिकवणी घेते. मागे एका पोराने विचारलं, "बाई, एक गूस, दोन गीस. मग दोन मुंगसांना मॉन्गीस का म्हणायचं नाही?" उत्तर खाली देते, आधी कामाला लागू.

गाईडातली मोठी यादी पहिल्यांदा बाजूला ठेवा. घर-घरं, झाड-झाडं हा आपलाही सरळ नियम. पण सासू-सासवा, जाऊ-जावा, ऊ-उवा हे कुणी घोकलं होतं का? जोडीजोडीनं कानावर पडलं आणि बसलं. तसंच करायचं. वहीत जोड्या घराण्यांनुसार लिहा, आणि स्पेलिंगशेजारी उच्चार देवनागरीत.

पहिलं घराणं स्वर बदलणारं. रोजच्या वापरात सातच शब्द: मॅन-मेन, वुमन-विमिन, फूट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस, माऊस-माइस, लाऊस-लाइस. शेवटची जोडी म्हणजे आपलीच ऊ-उवा, पोरांना लगेच पाठ होते. देवनागरीत लिहिल्याचा फायदा 'वुमन'ला कळतो: स्पेलिंगमध्ये दुसरा स्वर बदलतो, तोंडात मात्र पहिलाही बदलतो. हे झालं कसं? फार पूर्वी या शब्दांच्या अनेकवचनात शेवटी 'इ'चा आवाज होता. तो उच्चारायच्या घाईत जीभ आधीच पुढे सरकायची आणि मधला स्वर बदलायचा. पुढे शेवट गळून पडला, बदललेला स्वर तेवढा राहिला.

आता मुंगूस. हा शब्द इंग्रजांनी मराठीतूनच उचलला, तेही स्वर बदलायची ती खोड संपून कित्येक शतकं लोटल्यावर. 'गूस'शी त्याचं काही नातं नाही, म्हणून साधं 'मॉन्गूसेस'.

'फूट'पाशी आपली पोरं हमखास अडखळतात, कारण आपण 'पाच फूट' म्हणतो. इंग्रजीत उंची 'फाइव्ह फीट'. पण पाच फुटी शिडी मात्र 'फाइव्ह-फूट लॅडर'.

दुसरं घराणं 'फ'चा 'व्ह' करणारं: नाइफ-नाइव्ह्ज, वुल्फ-वुल्व्ह्ज, हळदीचं एक पान लीफ आणि ढीगभर पानं लीव्ह्ज. 'रूफ', 'चीफ', 'बिलीफ' यांना मात्र नुसता 'एस'. इथं नियम शोधत बसू नका, हे तीन वेगळे लिहून भिंतीला चिकटवा.

'ऑक्स-ऑक्सन' बेंदराच्या दिवशी बैलांकडे बोट दाखवून शिकवा. 'चिल्ड्रन'ला एकावर एक असे अनेकवचनाचे दोन प्रत्यय लागलेत, म्हणून 'चिल्ड्रन्स' लिहिणारा तिसरा चढवतो.

जतकडचं एक मेंढरू 'शीप', अख्खा कळपही 'शीप'. सागरेश्वरच्या हरणांचंही तेच, 'डियर'. दगड-दगड, हत्ती-हत्ती म्हणणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. संख्या क्रियापदावरून कळते, म्हणून ही जोडी नेहमी वाक्यात द्या: 'द शीप इज', 'द शीप आर'.

'क्रायटेरिया', 'बॅक्टेरिया' ही मुळातच अनेकवचनं. एकवचन 'क्रायटेरियन', 'बॅक्टेरियम'. हे आठवीनंतर पुरे.

सराव रोज पाच मिनिटं, तोंडी. तुम्ही 'वन टूथ' म्हणा, पोरगं 'थर्टी-टू टीथ' म्हणेल. कॉम्प्युटरच्या माऊसवर वाद घालू नका. कोशांत माइस आणि माऊसेस दोन्ही सापडतात. मी दोन्हीला गुण देते.