पहिला सेफ्टी रेझर घेताना पैसे कुठे घालावे, कुठे वाचवावे

कार्ट्रिजच्या रेझरचं एक चांगलं डोकं शंभर रुपयांच्या पुढे जातं. दोन्हीकडे धार असलेलं साधं ब्लेड मात्र अजूनही दोन ते सात रुपयांत मिळतं. हा हिशेब कळला की अनेक जण हे दुधारी ब्लेड लागणाऱ्या सेफ्टी रेझरकडे वळतात, आणि मग तीन-चार हजारांचा चकचकीत रेझर घेऊन वाचणारे पैसे आधीच घालवून बसतात. माझं मत असं की पहिल्या रेझरला हजाराच्या वर जाऊ नये. पण त्या हजारात घ्यायचा रेझर नीट पारखून घ्यावा.

रेझर स्वस्त असला तर ब्लेड मिळायची पंचाईत होईल, ही भीती आधी काढून टाका. अशा रेझरसाठी किंग जिलेट या अमेरिकी संशोधकाला १९०४ मध्ये मिळालेलं अमेरिकी पेटंट १९२१ मध्ये संपलं आणि पुढे हा प्रकार सगळ्यांचा झाला. आज कोपऱ्यावरच्या दुकानातलं कुठल्याही कंपनीचं दुधारी ब्लेड जवळपास कुठल्याही दुधारी रेझरमध्ये बसतं.

आता रेझरचा प्रकार ठरवा. तीन सुटे भाग असलेला घ्या: वरची टोपी, मधली पट्टी आणि खालचा दांडा. दुसऱ्या एका प्रकारात दांड्याचं टोक फिरवलं की वर दोन झडपा उघडतात, त्याला बटरफ्लाय म्हणतात. ब्लेड बदलायला तो सोपा असतो. पण बोअरचं जड पाणी असलेल्या घरात त्याच्या सांध्यांत क्षार आणि साबण साचतो, आणि स्वस्तातला बटरफ्लाय काही दिवसांत अडकायला लागतो. तीन भागांच्या रेझरमध्ये अडकण्यासारखं काही नसतं. सगळं सुटं करून जुन्या टूथब्रशने घासलं की झालं.

ब्लेडखालच्या पट्टीची कडही बघा. ती सरळ, सलग असावी. कंगव्यासारखे दाते असलेली पट्टी चार-पाच दिवसांच्या वाढलेल्या दाढीला बरी, पण नवख्याने तिच्या नादी लागू नये. तिरप्या डोक्याचे आणि आकडा फिरवून धार कमी-जास्त करायचे रेझर सध्या विसरा.

खरी परीक्षा ब्लेड बसवल्यावर होते, आणि दुकानदार नको म्हणाला तरी ती मागावी. ब्लेडचं पाकीट सोबत न्या. टोपी उलटी धरा, ब्लेड आखूड बाजूंनी पकडून तिच्यावर ठेवा, वर पट्टी बसवा आणि दांडा आवळा. मग रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून उजेडाकडे बघा. ब्लेड दोन्ही बाजूंना सारखंच बाहेर दिसलं पाहिजे आणि त्याची धार खालच्या कडेला समांतर हवी. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसत असेल तर सैल करून पुन्हा बसवा. तरीही तसंच दिसलं तर तो नग परत द्या, कारण असा रेझर एका बाजूने ओरखडे काढतो आणि दुसऱ्या बाजूने खुंट ठेवतो. टोपी ब्लेडला धारेच्या किती जवळ दाबून धरते, तेही बघा. ब्लेडचा बराचसा भाग आधाराशिवाय मोकळा राहिला तर राठ केसांवर ते थरथरतं. गालाची आग होते ती बऱ्याचदा यामुळे, आणि लोक मात्र साबणाला दोष देतात.

धातूबद्दल उगाच गोंधळ घातला जातो. हजाराच्या आतले बहुतेक रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर क्रोमचा मुलामा. यात कमीपणा काही नाही. मेर्कुर आणि म्यूले या जर्मन कंपन्यांच्या नावाजलेल्या रेझरांची डोकीही याच धातूची असतात. फक्त या धातूचा आटा ठिसूळ असतो. टोपीचा स्क्रू पान्याने आवळल्यासारखा आवळला तर मुळातून तुटतो, म्हणून दोन बोटांच्या जोरापुरताच फिरवा. मुलाम्यावर फोड किंवा खरचटलेली जागा दिसली तर तो नग घेऊ नका, कारण गंज तिथूनच सुरू होतो. पितळेचा दांडा मिळाला तर उत्तम. प्लास्टिकचा रेझर प्रवासापुरताच ठीक, एरवी नको, कारण त्याला वजन नसतं आणि मग हात आपोआप दाबायला जातो.

वजन साठ ते नव्वद ग्रॅमच्या दरम्यान असावं. दांड्यावर बारीक खाचांची नक्षी हवी. गुळगुळीत दांडा दुकानात सुंदर दिसतो आणि साबणाच्या हातातून सटकतो.

रेझरवर वाचवलेले पैसे ब्लेडांवर खर्च करा. चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक पाकिटं आणा आणि प्रत्येक ब्लेड तीन-चार दाढ्या वापरून बघा. मित्राला आवडलेलं ब्लेड तुमच्या गालाला ओढ देईल, असं सर्रास होतं. नावाजलेल्या ब्लेडांची नक्कल बाजारात असते, त्यामुळे ओळखीच्या दुकानातूनच घ्या. आपलं ब्लेड सापडेपर्यंत शंभराचा गठ्ठा घेऊ नका.

पहिल्या दाढीला कार्ट्रिजची सवय आड येते. त्यात आपण दाबतो, इथे दाबायचं नाही. आंघोळीनंतर ब्रशने फेस नीट करा. टोपी गालाला टेकवा, दांडा गालाशी काटकोनात. मग दांडा हळूहळू खाली आणा. धार केसांना लागल्याचं जाणवलं की थांबा. ब्लेड आणि गाल यांच्यातला हा कोन साधारण तीस अंशांचा असतो. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, छोट्या फटकाऱ्यांनी फिरवा. पहिले काही दिवस उलटा हात मारूच नका, विशेषतः गळ्यावर. चुकून कापलं तर ओली तुरटी फिरवा, बाटलीतल्या महागड्या लोशनची गरज नाही.

झाल्यावर रेझर धुऊन झटका आणि बाथरूमच्या बाहेर वाळत ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे कराच. विमानाने जाताना ब्लेड हातातल्या बॅगेत चालत नाहीत, ती चेक-इनच्या सामानात टाका.

वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडा आणि त्यातून ती आत सोडत जा. डबा भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्याच्या हातात वेगळा द्या.