कार्यक्रमाचा बंदोबस्त लावायचाय? आधी गेट मोजा, मग माणसं सांगा

मंडळाचा कार्यक्रम असो, लग्न असो नाहीतर कंपनीचं फंक्शन, आपल्याकडं सिक्युरिटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, बाऊन्सर किती सांगायचे आणि एकाचे किती घेतात. हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. आधी हे बघा की आत आलेली माणसं गडबड झाली तर किती मिनिटात बाहेर पडतील, आणि त्याचं उत्तर टेप घेऊन जागेवर गेल्याशिवाय मिळत नाही.

तर जागेवर जा, आणि कार्यक्रम ज्या वेळेला आहे त्याच वेळेला जा, कारण सकाळी मोकळा दिसणारा रस्ता संध्याकाळी सातला गाड्यांनी भरलेला असतो, कोल्हापूरच्या शिवाजी पेठ मंगळवार पेठेतल्या माणसाला हे सांगायला नको. प्रत्येक गेटची रुंदी मोजून लिहून काढा. सपाट जागेवर १ मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८२ माणसं बाहेर पडतात, पायऱ्या असतील तर ६६, स्टेडियमचं प्लॅनिंग करणारे हाच हिशोब धरतात. म्हणजे २ मीटरच्या गेटातून मिनिटाला १६० च्या आसपास. पब्लिक ५००० आणि अशी चार गेट उघडी असतील तर आठ मिनिटात मैदान रिकामं होतं. आता त्यातलं एक गेट व्हीआयपींसाठी अडवलं आणि दुसऱ्याच्या तोंडाला मोटरसायकली लागल्या की तेच सोळा मिनिटांवर जातं, आणि घाबरलेली गर्दी सोळा मिनिटं थांबत नसते.

मंडपवाल्याशी पण तेव्हाच बोलून घ्या. तो सवयीनं चारी बाजूंनी कनात आवळून बांधतो, दिसायला झकास दिसतं पण बाहेर पडायच्या वाटा बंद होतात. कनात कुठं सुटी ठेवायची ते त्याला जागेवर खूण करून दाखवा आणि कार्यक्रमाच्या वेळेला त्या प्रत्येक खुणेपाशी एक माणूस उभा पाहिजे.

गर्दी किती झाली म्हणजे जास्त, ह्याचा अंदाज डोळ्याला बसवून घ्या. एका चौरस मीटरात चार माणसं झाली की सावध व्हायचं. पाच-सहा झाली की माणूस स्वतःच्या मर्जीनं हलू शकत नाही, गर्दी नेईल तिकडं जातो, आणि अशा ठिकाणी तुडवून मरण्यापेक्षा छाती दाबून उभ्या उभ्या श्वास कोंडून माणसं जातात. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला सुमारे ३०० माणसं गेली, डोंगरावरची अरुंद वाट आणि निसरड्या पायऱ्या. ४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमपाशी ११ जण गेले, ते मॅच बघत बसलेले नव्हते, गेटापाशीच्या गर्दीत अडकलेले होते. म्हणून गेटाबाहेरची रांगसुद्धा आपल्याच प्लॅनमध्ये धरायची, आणि जागा भरत आल्यावर माईकवरून किंवा स्टेटसला 'सर्वांना प्रवेश मोफत' असलं काही टाकायचं नाही, हे कार्यकर्त्यांना बजावून ठेवा.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. तुमची जागा ज्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत येते तिथं, जुना राजवाडा असेल, लक्ष्मीपुरी असेल नाहीतर राजारामपुरी, निदान पंधरा दिवस आधी अर्ज घेऊन जा, सोबत हातानं काढलेला का असेना पण नकाशा आणि पब्लिकचा खरा आकडा द्या. परवानगी लवकर मिळावी म्हणून आकडा कमी सांगू नका, पोलीस त्या आकड्यावरच त्यांची माणसं लावतात. फायर ब्रिगेडचं पण विचारून घ्या, आणि रात्री १० नंतर स्पीकर बंद हे धरूनच वेळापत्रक करा.

आता एजन्सी. पहिल्यांदा पसारा (PSARA) लायसनची कॉपी मागा, खासगी सिक्युरिटी एजन्सींसाठीच्या २००५ च्या ह्या कायद्यानं लायसन नसेल तर सिक्युरिटी एजन्सी चालवताच येत नाही. जिममधली चार पोरं काळा टीशर्ट घालून उभी करणं हा बंदोबस्त नव्हे, कारण गार्डला १६० तासांचं ट्रेनिंग लागतं, १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, आणि पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं असावं लागतं. माजी सैनिकांना ट्रेनिंग कमी दिवसांचं आहे, आणि आपल्या जिल्ह्यात गावोगावी माजी सैनिक आहेत, तर सुपरवायझर त्यांच्यातला मिळाला तर दोन पैसे जास्त जाऊ देत, आवाज न चढवता गर्दी हलवायची कशी ते त्यांना कळतं. येणाऱ्या गार्डची नावं एजन्सीकडून आदल्या दिवशी लेखी घ्या. बायकांच्या रांगेला महिला गार्डच पाहिजेत, बायकांची झडती दुसऱ्या कुणी घ्यायचीच नाही. आणि गार्डला हात उचलायचा अधिकार नाही हे आधीच स्पष्ट करा, डोळ्यासमोर गंभीर गुन्हा झाला तर पकडून ठेवता येतं पण सहा तासाच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. किती माणसं? बसून बघायच्या कार्यक्रमाला शंभराला एक असा पहिला अंदाज धरा, मग उभं राहून नाचणारं पब्लिक असेल तर वाढवत जा.

नकाशावर प्रत्येकाची जागा लिहा, एका माणसाला एकच काम, आणि त्यानं कुणाचं ऐकायचं ते एकच नाव. हे न केल्यानं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय, पाहुणे आले की सगळे गार्ड स्टेजकडं पळतात आणि मागचं गेट मोकळं. गर्दीत मोबाईल लागत नाहीत म्हणून वॉकीटॉकी भाड्यानं घ्या. साऊंड बंद कर म्हणायचा हक्क कुणाचा हे अध्यक्षांसमोर ठरवा, साऊंडवाल्याशी त्या माणसाची ओळख करून द्या, ऐन वेळी 'अध्यक्षांना विचारतो' म्हणण्यात जी दोन मिनिटं जातात तीच महागात पडतात. ॲम्ब्युलन्स बाहेरच्या दिशेला तोंड करून उभी करा आणि तिथून सीपीआर हॉस्पिटलकडं जायचा रस्ता मोकळा ठेवा.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असेल तर दोन्हीकडच्या समर्थकांना येताना-जाताना वेगळी गेट द्या आणि हरलेल्या बाजूला आधी बाहेर काढा, जिंकलेले आत नाचत बसतातच.

लग्नाचं दुखणं वेगळं, तिथं भीती चोराची. नटून आलेला अनोळखी माणूस किंवा एखादं पोरगं मुलीकडच्यांना मुलाकडचं वाटतं आणि मुलाकडच्यांना मुलीकडचं, अक्षता पडायला लागल्या की सगळ्यांची तोंडं स्टेजकडं आणि खोलीतली दागिन्यांची पर्स गेलेली असते. ह्यावर उपाय साधा आहे, गार्डशेजारी दोन्हीकडचा एकेक जाणता माणूस बसवा, मामा किंवा काका कुणीही, पण नात्यातली सगळी तोंडं ओळखणारा. वधूच्या खोलीची किल्ली एकाच आत्याकडं किंवा मावशीकडं आणि अक्षतांच्या वेळेला खोलीच्या दारातच महिला गार्ड. आहेराची पाकिटं तासाभरानं उचलून आत ठेवत जा. कार्यालयाचे कॅमेरे नुसते लावलेत का रेकॉर्डिंग पण चालू आहे, ते आदल्या दिवशी मॅनेजरला दाखवायला लावा.

कार्यक्रम संपला की लाईटवाला लगेच वायर गुंडाळायला लागतो, तेव्हा त्याच्याशी आधीच ठरवा की बाहेर जायच्या वाटेवरचे आणि पार्किंगचे दिवे सगळ्यात शेवटी काढायचे. गार्डची सुट्टी पण शेवटची गाडी पार्किंगमधून बाहेर पडल्यावरच, त्यामुळं एजन्सीला वेळ लिहून देताना कार्यक्रमाच्या पुढं एक तास धरून द्या आणि त्या पोरांना दुपारपासून उभं केलंय तर जेवण आळीपाळीनं पण वेळेत द्या.