पाड्यावरच्या मंडळींसोबत बिबट्यांचा सर्व्हे: नव्या समन्वयकासाठी

बिबट्या कुठून उतरतो, कुठल्या ओढ्यात मार्चपर्यंत पाणी टिकतं, सांबर कुठे अंग घासतं, हे पाड्यावरच्या मंडळींना तुम्ही शिकवायचं नाहीये. ते त्यांना येतं. तुमच्या वाट्याला परवानगी, पगार, तारखा आणि कागद. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात काय किंवा त्याला लागून असलेल्या आरेत काय, टीम जंगलात बिघडत नाही. ती पाड्यावर आणि ऑफिसात बिघडते. म्हणून कॅमेऱ्याआधी तेच.

परवानगीपासून सुरुवात करा. हे राष्ट्रीय उद्यान आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, त्यामुळे जंगलात कॅमेरे (समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे) लावायचे तर नागपूरच्या वरिष्ठ कार्यालयापर्यंत कागद जातो. आलेल्या पत्रात टीममधल्या प्रत्येकाचं नाव हवं. "सोबत स्थानिक सहाय्यक" एवढंच लिहिलेलं पत्र घेऊ नका. ज्याचा जन्म नवापाड्यात किंवा चुनापाड्यात झाला, त्यालाच पहाटे वनरक्षकाने अडवलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पत्राची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत प्रत्येक जोडीकडे द्या. ज्या बीटमध्ये (एका वनरक्षकाच्या हद्दीत) काम आहे तिथल्या वनरक्षकाला आदल्या संध्याकाळी फोन करा. साहेबांना सांगितलं म्हणजे बीटपर्यंत पोचलं, असं समजू नका.

आता पाडा. हातात जीपीएस आणि फॉर्म घेऊन कोणी आलं की इथल्या लोकांना बिबटे आठवत नाहीत, घरं पाडणारी माणसं आठवतात. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातल्या हजारो झोपड्या हटल्या. २००६ चा वनहक्क कायदा आला तरी ज्यांचे जमिनीच्या हक्काचे दावे निकाली निघालेले नाहीत, त्यांना प्रत्येक सर्व्हेचा धसका असतो. म्हणून पहिली बैठक पाड्यावर, संध्याकाळी सातनंतर, बायका कामावरून आणि बाजारातून परतल्यावर. जीपीएसचा नकाशा मोबाईलवर उघडून दाखवा. कुठले बिंदू नोंदणार, ते कोणाकडे जाणार, घरं आणि शेतं त्यात येणार नाहीत, हे तोंडी सांगा आणि मग कागदावरही द्या. प्रश्न येतील, तेच तेच येतील. घाईत उठू नका.

याहून नाजूक मामला माणसांच्या फोटोंचा. कॅमेऱ्यासमोरून बिबट्या एकदा जातो, माणसं दहादा. मोळी घेऊन जाणारी मावशी, खेकडे पकडून येणारी पोरं, कधी एखादं जोडपंही. हे फोटो पुढे गेले तर कोणावर तरी केस होऊ शकते, आणि तुमची टीम पाड्यात खबरी ठरते. माझा नियम असा: माणसांचे फोटो फक्त मोजायचे, कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड उतरवलं त्याच दिवशी पुसायचे, आणि ही अट वनविभागाकडून आधीच लेखी मान्य करून घ्यायची. कार्ड उघडताना पाड्यावरचं कोणीतरी शेजारी बसलेलं हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर एकही फोटो जाणार नाही, गमतीचासुद्धा नाही. आणि कॅमेऱ्याची जागा ठरवताना बायकांना वेगळं विचारा. कपडे धुण्याची, आंघोळीची, पहाटे झाडीत जाण्याची वाट कुठली, हे पुरुष सांगत नाहीत, कित्येकदा त्यांना ठाऊकही नसतं. नुसती पुरुषांची टीम बांधली तर ही माहिती मिळायचीच नाही. बायकांना टीममध्ये घ्याच. जून-जुलैत शेवळी, कुरडू, टाकळा खुडायला त्या जंगलाचा जो भाग पायाखाली घालतात, तो पोरांना माहीत नसतो.

तारखांचं सोपं आहे, फक्त तुमच्या निधीच्या वर्षाप्रमाणे त्या ठरवू नका. जुलैत भाताची आवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, वाघबारशीला वाघोबा या देवाची पूजा, एप्रिल-मे लग्नं. उरतात डिसेंबर ते मार्च. गवत वाळलेलं, पाणी मोजक्या ठिकाणी, म्हणजे कॅमेऱ्यांसाठीही हाच हंगाम उत्तम.

जोडी लावताना एक जाणता आणि एक मोबाईल चालवणारा. झाड जाणत्याने निवडायचं, तुम्ही नाही. बिबट्याला मळलेली वाट आवडते, तो कोरड्या ओढ्याने आणि जीपच्या रस्त्याने चालतो; विष्ठा आणि मागच्या पायांनी उकरल्याच्या खुणा कुठे आहेत ते जाणता बघतो. बाकी तांत्रिक भाग थोडक्यात. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात, आणि दोन्ही कुशी मिळाल्याशिवाय ओळख पक्की होत नाही. गुडघ्याएवढी उंची. दोघांचे फ्लॅश एकमेकांच्या भिंगात जाणार नाहीत इतपत तिरके. समोरचं गवत कापायचं, नाहीतर वाऱ्याने हललेल्या पात्यांनीच कार्ड भरतं. दोन्ही घड्याळं मिनिटाला जुळलेली. मग जाणत्याने स्वतः कॅमेऱ्यासमोरून रांगत जायचं, फोटो पडतो का बघायला. यावर फार हसतात, हसू द्या. नोंदी फॉर्मवर भरायला अडचण असेल तर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करायला सांगा, आपल्या बोलीत. रात्री तुम्ही उतरवून घ्या. याच पद्धतीने २०१५ मध्ये इथे ३५ बिबटे ओळखले गेले, २०१८ मध्ये ४७.

शनिवार-रविवारी पवई-अंधेरीहून हौशी स्वयंसेवक येतील. एका जोडीमागे एकच, आणि जाणत्याच्या मागे चालणारा. ज्याला सेल्फी काढायचा आहे त्याला गेटवर चहा पाजून परत पाठवा.

नकाशावर हे जंगल बोरिवली आणि ठाण्याच्या मधे दिसतं, पण ओढ्यात उतरलं की रेंज जाते. प्रत्येक जोडीची परतीची वेळ ठरलेली हवी, आणि ती टळली तर कोण शोधायला निघणार हेही. फुरसं आणि घोणस, दोन्ही विषारी साप इथे आहेत. दंश झाला तर बांधणं-कापणं नको, मांत्रिक तर नकोच. त्याला हालचाल करू न देता उचलून गाडीपर्यंत आणि तिथून थेट सरकारी रुग्णालय. कुठल्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे ते हंगामाआधी स्वतः जाऊन विचारून या.

आरेत २०२१ आणि २०२२ मध्ये बिबट्याचे हल्ले झाले. अशा वेळी लोक आधी तुमच्या टीमवर चिडतात: "तुम्हीच पाळता ना?" टीमला गर्दीसमोर एकटं उभं करू नका. बिबट्या पकडणं, हाकलणं हे त्यांचं काम नाही. वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ फिरवायचा, बचाव पथक येईपर्यंत गर्दी मागे ठेवायची, बस्स.

फेब्रुवारीपासून वणवे. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून आधीच मोकळे केलेले पट्टे) काढायला हीच मंडळी वनविभागाला लागतात, तेव्हा तारखा आपसात जुळवून घ्या. उत्तर ऑस्ट्रेलियात आदिवासी रेंजर कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच थोडं थोडं गवत जाळतात, म्हणजे पुढे मोठा वणवा पेटत नाही. ते वाचून कोणी इथे काडी ओढायची कल्पना मांडली तर थांबवा. राष्ट्रीय उद्यानात आग लावणं गुन्हा आहे, आणि पकडला जाईल तो पाड्यावरचा माणूस, तुम्ही नाही. त्यांच्याकडून घ्यायचं तर दुसरं घ्या. २००७ पासून तिथलं सरकार या रेंजरांना नोकरी म्हणून पगार देतं. आपल्याकडे अजून रोजंदारी किंवा "मानधन", आणि मुंबई पूर्ण शहरी असल्याने रोजगार हमीही नाही.

म्हणून पैशांत कंजुषी नको. दर शनिवारी हिशेब. प्रशिक्षणाचा दिवस, पत्र न आल्याने गेटवर बसून गेलेला दिवस, दोन्ही भरायचे. अपघात विमा सगळ्यांचा. बूट दुकानात सोबत नेऊनच घ्या, कारण चपलेत वाढलेला पाय रुंद असतो आणि बायकांच्या मापाचे जंगली बूट सहसा मिळत नाहीत. बिबट्याचे फोटो वर्तमानपत्रात जाण्याआधी पाड्यावर दाखवा, छापील. आणि जागेचं नाव कुठेच देऊ नका. अहवालात नाव हवं का, हे ज्याचं त्याला विचारा. काहींना नको असतं.

हंगाम संपला की कॅमेऱ्यांतल्या बॅटऱ्या काढा, डबे कोरडे करा. शेवटचा हप्ता मे संपायच्या आत द्या. जूनमध्ये बियाणं, ताडपत्री आणि शाळेच्या वह्या एकदमच येतात, आणि तुमचा चेक ऑगस्टमध्ये.